चावरी मुलगी

आमची थोरली मुलगी चार वर्षांची होईपर्यंत मी तिला घेऊन कुठे जायचं टाळत असे. ती चावायची. हातातली वस्तू काढून घेतली की जमिनीवर अंग टाकून डोकं आपटायची. सासूबाई दृष्ट काढत, यजमान धपाटे घालत. मी दोन्ही करून पाहिलं होतं. आळीतल्या बायका म्हणत, "तुमचा धाकच नाही." मलाही ते खरं वाटे.

पनवेलला तेव्हा एक बालवाडी नवीनच निघाली होती. तिथल्या बाई मराठी ज्यू, पन्नाशी उलटलेल्या. पहिल्याच आठवड्यात मुलीने त्यांच्या मनगटाला चावा घेतला. निरोप आला तेव्हा मुलीला काढून टाकणार, असंच मी धरून चालले.

बाईंनी मनगटाला हळद लावली होती. त्यांनी विचारलं, "घरी चावते तेव्हा त्याच्या आधी काय झालेलं असतं?"

मला सांगता येईना.

"पंधरा दिवस वहीत लिहा. चिडायच्या आधी काय झालं, एवढंच. तिला नावं ठेवू नका, स्वतःलाही नको."

नवव्या-दहाव्या दिवशी मला दिसलं, की बहुतेक वेळा मी तिला काही न सांगता उचललं होतं. खेळातून जेवायला, अंघोळीतून बाहेर, ओट्यावरून घरात. बाईंनी वही वाचली आणि म्हणाल्या, "आधी सांगत जा. तरी लोळली, तर जवळ बसा. बोलू नका."

त्यानंतर महिन्याभराने मी तिला घेऊन उरणला माहेरी निघाले. एसटी स्टँडवर ती मुंग्यांची रांग बघत होती. गाडी लागली आणि घाईत मी तिला ओढलं. ती तिथेच लोळली. माणसं जमली. एक गृहस्थ म्हणाले, "द्या एक ठेवून." माझा हात उचललाही गेला होता. मग मी ट्रंक बाजूला ठेवली आणि तिच्याशेजारी खाली बसले. गाडी निघून गेली. लोक बघत होते ते मला दिसत होतं, पण त्यांना काही सांगावं असं वाटलं नाही. बऱ्याच वेळाने ती उठून बसली आणि पाणी मागितलं. आम्ही दुपारच्या गाडीने गेलो.

चावणं सहा महिन्यांत थांबलं. डोकं आपटणं जायला जास्त दिवस लागले, आणि स्वभाव तापट तो तापटच राहिला. यजमानांना वहीचं कधी पटलं नाही. धपाटे मात्र कमी झाले.

दोन-तीन वर्षांनी बाई मुलाबरोबर इस्राएलला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी बालवाडीत मुलांच्या आयांना बोलावलं आणि मला वहीबद्दल बोलायला लावलं. मिठागराकडच्या गावातून एक बाई नातीला घेऊन आली होती. तिने विचारलं, "मंग तुमची पोर आता शानी झाली का?"

"चावत नाही. चिडते अजून."

"मंग येवरा लिवून काय झाला?"

मी म्हणाले, "मला तिची भीती वाटायची. ती आता वाटत नाही."

त्या आजीला लिहिता येत नव्हतं. पुढे काही दिवस ती बाजार आटोपून दुपारी माझ्याकडे यायची, नात चिडायच्या आधी काय झालं ते सांगायची, आणि मी लिहून घ्यायची.