बिअरच्या बाटलीतला मसाला

त्या घटनेची आठवण यायला मला काही निमित्त लागतं असं नाही. शेजारी उन्हाळ्यात मसाला भाजायला घेतला, मला ठसका लागला, की मी थेट दोहाच्या त्या खोलीत जाऊन बसतो. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी ड्युटीवरून उतरा. नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं आज दोन घास सुखाने खाताहेत, त्यांच्या अन्नात मला माती कालवायची नाही.

माझं पोलीस ठाणं वसईकडच्या किनारपट्टीत, हायवेला लागून होतं. हद्दीत एक कुटुंब होतं. वडील कधीच गेले होते. आई आणि तीन मुलगे. आईला सगळा गाव 'मामाय' म्हणायचा, म्हणजे आजी. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, आजाऱ्याच्या घरी पेजेचा टोप पोचवणारी बाई. आणि हायवेवर लुटलेल्या ट्रकचा माल कुठल्या गोदामात उतरायचा, हेही तीच ठरवायची. मुलगे म्हणे तिला विचारल्याशिवाय शिंकत नसत. थोरला तापट आणि क्रूर. मधला त्याच्या मागे मागे जाणारा. धाकटा सव्वीस वर्षांचा, टेम्पो चालवायचा, मनाने मऊ. चोराच्या घरात असं माणूस जन्माला आलं की त्याचे हाल कुत्रा खात नाही.

एका लुटीत ट्रक ड्रायव्हरने प्रतिकार केला. थोरल्याने त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली. ड्रायव्हर जागीच गेला. हे सगळं आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि शाबित करणं वेगळं. आमच्या खबऱ्याने सांगितलं, धाकटा ताडीच्या दुकानात बसून रडतो. म्हटलं, हाच फुटेल. वरच्या साहेबांच्या होकारासाठी मी दोन दिवस थांबलो आणि तेवढ्यात पाखरू उडालं. ते दोन दिवस मी स्वतःला कधी माफ केले नाहीत.

दोनेक महिन्यांनी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. परदेशातून होता. बाईचा आवाज.

"साहेब, तुमी ज्याला शोधताय तो माझा भाव. इथं दोहाच्या जेलात हाय. मी त्याची बहीण, दुखानला नर्स हाय. त्यानं ड्रग्ज आणलेली नाय, साहेब. त्याला तेवढी अक्कलच नाय."

मामायला एक मुलगी होती आणि ती लग्न करून कतारला गेली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. नवरा दुखानच्या तेलाच्या कंपनीत, ही तिथल्या दवाखान्यात. माहेरच्या धंद्याचा विटाळ नको म्हणून वर्षानुवर्षं फिरकली नव्हती. अशा बाईने भावासाठी पोलिसाला फोन करावा, म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असणार. धाकटा तिच्याकडे निघाला होता, पण विमानतळाच्या बाहेरच आला नाही. सामानात नशेची पावडर सापडली होती.

कागदपत्रांना चार महिने लागले. गृहखातं, दिल्ली, वकिलात, पुन्हा गृहखातं. अखेर परवानगी मिळाली ती अशी: खुनाच्या केसपुरता जबाब घ्यायचा, तोही तिथल्या अधिकाऱ्यासमोर. अंगावर वर्दी नाही आणि हातात अधिकार नाही. पोलिसाला असं पाठवणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा न देता दाढी करायला बसवणं.

दोहात सकाळी आठलाच डोळे उघडवत नव्हते, असं ऊन. तिथला पोलीस कॅप्टन माझ्याहून तरुण, पण वागायला भारदस्त. हिंदी झकास बोलायचा. इवल्याशा कपात कडू कॉफी देऊन त्याने आधी जप्त मुद्देमाल दाखवला. बिअरची तपकिरी बाटली, लेबलसकट. शेजारी परातीत ओतलेला लालभडक मसाला आणि त्यातून निघालेली चिमूटभर पावडरची पुडी.

"बिअर की बोतल लेकर कतर में उतरा," कॅप्टन म्हणाला. "ऐसा चोर मैंने नहीं देखा. माल भी कितना? बेचने के लिए कम, छोड़ने के लिए ज्यादा."

त्याचं बोलणं मी डायरीत टिपून घेतलं. पण त्यातलं मर्म तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

धाकट्याला आणलं. वाळला होता. माझं मराठी ऐकून त्याचे डोळे भरले, पण तोंड काही उघडेना.

"पुडी कुणी घातली?"

"मीच."

"मसाला कुणी भरला?"

"आयनं. पण तिला कायपण ठाऊक नाय. लिहून घ्या साहेब, आयला कायपण ठाऊक नाय."

खुनाबद्दल विचारलं तर भिंतीकडे बघत बसला. माझा एक अनुभव आहे. गुन्हेगार स्वतःला वाचवायला खोटं बोलतो तेव्हा तो आपल्याकडे बघतो, विश्वास बसला का ते पाहायला. दुसऱ्याला वाचवायला बोलतो तेव्हा बघतही नाही. हा आईला वाचवत होता. त्यापायी त्याची उमेदीची सगळी वर्षं त्या तुरुंगात जाणार होती, आणि माझा एकुलता साक्षीदारही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. बहीण स्वतः गाडी चालवत दुखानहून माझ्या लॉजवर आली. सोबत डबा. "हॉटेलचं खाऊन कंटाळला असाल," म्हणाली. सुरमईचं कालवण होतं. पहिल्या घासालाच मी म्हणालो, "सिस्टर, हा मसाला इथला नाही."

"आयचा हाय. बाटली मसाला. तीस जिन्नस, उन्हात वाळवून, भाजून, कुटून. आमी बोलत नाय एकमेकींशी, पण दरवर्षी येणाऱ्याजाणाऱ्यासोबत पाठवते."

"तुमच्या भावाने आणला तो तर परातीत ओतलाय त्यांनी. बाटलीसुद्धा जप्त आहे."

"कसली बाटली?"

"बिअरची. तुमच्याकडे बिअरच्याच बाटलीत भरतात ना? रंगीत काचेत मसाल्याचा रंग टिकतो म्हणून?"

तिचा हात डब्याच्या झाकणावर तसाच थांबला.

"घरी भरतात, साहेब. इथं पाठवताना नाय. पहिल्या वर्षी आयनं बाटलीच पाठवलेली. आणणारा बिचारा अर्धा दिवस एअरपोर्टवर बसून. इथं दारूची रिकामी बाटलीपण चालत नाय. तवा बोलायचो आमी; मी फोनवर आयला इतकं बोलले! त्याच्यापासून एकात एक तीन प्लास्टिकच्या पिशव्या. दहा वर्षांत एकदा चुकली नाय ती."

"लेबलही तसंच होतं," मी म्हणालो.

"लेबल?" तिचा आवाज चढला. "आय तर बाटल्या दोन दिवस पाण्यात भिजवून लेबलं खरवडते!"

दोघांनाही ते एकदमच उलगडलं. बाटली पकडली जावी म्हणूनच ती दिली होती. धाकटा बाहेर राहिला तर पोलिसांना सापडेल आणि बोलेल. कतारच्या तुरुंगात पडला तर कोण जातंय त्याला विचारायला? तिघांतल्या दोघांना वाचवायला आईने तिसरा विकला होता.

"माझी आय मेली आज," बहीण म्हणाली आणि डबा तसाच टाकून निघून गेली.

शनिवारी मी धाकट्यासमोर बसलो. खुनाचं काढलं नाही, पुडीचं काढलं नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या बहिणीला आई मसाला कशात पाठवते रे?"

"पिशवीत," तो सहज म्हणाला.

मी डायरी मिटली. कॅप्टनही पेन खाली ठेवून बघत होता.

"मी विचारलेलं तिला," धाकटा हळूच म्हणाला. "बोलली, पिशवीला वास लागतो, या टायमाला बाटलीच ने. हातातल्या बॅगेत वरतीच ठेव, बोलली."

"तुझ्या आईने तुला पकडवला," मी म्हणालो. "थोरल्यासाठी."

हे वाक्य मी मुद्दाम, मोजून टाकलं. घाव कुठं घातला की लाकूड फुटतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तो ढसाढसा रडला. मग चार तास बोलला. पहार कुठल्या विहिरीत टाकली, टेम्पो कुठं धुतला, सगळं. कॅप्टनने दोनदा चहा मागवला. शेवटी उठून माझा हात हातात घेतला. "खलास?" म्हणाला. मी त्याच्याच अरबीत आभार मानले, "खलास. शुक्रन." मी खुशीत होतो, खोटं कशाला बोलू?

परत आल्यावर विहिरीतून पहार निघाली. थोरला आणि मधला आत गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, हजेरी चालू असताना, मामाय ठाण्यात आली. हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन लुगडी, चष्मा, जपमाळ.

"पुडी मी घातली. धाकट्याला ठाऊक नवतं. तुमच्याकडं सांगून चालत नाय म्हणतात, मला मॅजिस्ट्रेटकडं न्या."

"आज कसं सुचलं बाई?"

"काल थोरला आत गेला ना? म्हणून आज आले."

मला वाटलं, आधार तुटला, म्हातारी शरण आली. केस डायरीत मी तसंच लिहिलं. तिच्या कबुलीचा कागद सही-शिक्क्यानिशी दोहाला गेला आणि काही महिन्यांनी धाकटा सुटला. त्यांनी त्याला विमानात बसवून परत पाठवलं.

आईला भेटायला तो तयार नव्हता. मीच त्याला महिला कारागृहात घेऊन गेलो. पोलिसी खाज म्हणा हवं तर. मला तिचं तोंड बघायचं होतं.

जाळीपलीकडे ती उभी राहिली. तो जाळीपर्यंत गेला. मग म्हणाला, "आय, पिशवीत का नाय भरलास?"

"पिशवी असती तर एअरपोर्टातनं सुखरूप बाहेर गेला असतास. आणि बाहेर थोरल्याची माणसं उभी होती. तू बोलशील म्हणून इथं तो तुला मारणार होता, मी पाया पडले म्हणून थांबला. बोलला, जाऊ दे दोहाला, तिथं माझे दोस्त हायत. मी कुठं लपवणार होते तुला? पोलिसांकडं दिला असता तर दोन्ही पोरं फासावर. मग वाटलं, तिथल्या जेलात थोरल्याचा हात पोचत नाय. चिमूटभरच घातली मी. जास्त घातली तर तिकडं मारून टाकतात, असं ऐकलेलं. थोरला आत गेला, तवाच तुला सोडवायला आले."

धाकट्याने जाळीवर कपाळ टेकवलं. तिने पलीकडून बोटं लावली.

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, तिथं माझ्याबद्दल काय सांगितलंत त्याला?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारत आलो. त्या दिवशी आरोपीच्या जागी मी होतो. बाटली, लेबल, चिमूटभर पावडर, सगळे धागे माझ्या हातात होते. कॅप्टन तर पहिल्याच दिवशी सांगत होता की माल कमी आहे. कमी का, हे मी विचारलंच नाही. मला हवा तो अर्थ मिळाला आणि मी थांबलो. ती बाई निर्दोष नव्हती. त्या ड्रायव्हरच्या घरी चूल विझली त्यात तिचाही वाटा होता, आणि त्याची शिक्षा तिला झालीच पाहिजे होती. पण जे तिने केलं नव्हतं, त्याचीही एक शिक्षा मी तिला देऊन बसलो होतो. तेव्हापासून ठाण्यात नवा फौजदार आला की मी सांगायचो: कुणी काय केलं ते पुराव्यावरून लिहा, पण का केलं ते त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नका.

त्याच संध्याकाळी मी दुखानला फोन लावला आणि सिस्टरना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. 

पलीकडून तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"साहेब," ती म्हणाली, "आयची मुलाकात कुठल्या वारी असते?"