सातपैकी दोन गाणी

अंबरीश खानझोडे पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत टेक्निशियन होता आणि ‘साढे छह नंबर’ या बँडचा ड्रमर. भोपाळमधल्या याच नावाच्या बस स्टॉपवरून हे नाव ठेवलं तेव्हा सगळे कॉलेजात होते. पहिल्या अल्बमची गाणी शहरातल्या पोरापोरींनी पाठ केली. दुसऱ्याला अकरा वर्षं लागली.

त्यासाठी गायक आशय बंगळुरूहून सुट्टी काढून आला. कोलार रोडवरच्या त्याच्या बंद फ्लॅटमध्ये खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. दिवसभर बाटल्या हाताळून अंबरीश स्कूटरवर तिथे पोचायचा तोवर त्याच्यात फारसं काही उरलेलं नसायचं. उजवं कोपर ठणकायचं. एकेक गाणं वीस-वीस वेळा वाजवायचं, मग आशय म्हणायचा, “मस्त यार, झालं!”

तीन महिन्यांनी तयार गाणी आली. जेवणाच्या सुट्टीत अंबरीशने ती कानाला लावली आणि तिसऱ्या गाण्याशी थबकला. इतकं घट्ट, इतकं सारखं त्याच्या हातून निघालंच नव्हतं. त्याने फोन लावला.

“आशय, हे ड्रम माझे नाहीत.”

“सातपैकी पाच कॉम्प्युटरवर केलेत. तू मागे पडत होतास रे. सांगायची हिंमत झाली नाही.”

“नाव कुणाचं टाकलंस?”

“तुझंच. अजून कुणाचं?”

“त्या पाचांवरून काढ.”

“पागल आहेस का? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलं ना.”

भांडायला अंगात त्राण नव्हतं. आशयचं चुकलं असंही म्हणता येईना. ती पाच गाणी चांगली झाली होती. त्याने गार पोळीभाजी खाल्ली आणि कामाला लागला.

अल्बमचा कार्यक्रम हबीबगंजजवळच्या एका कॅफेत झाला, संध्याकाळी सहाला. पन्नासेक माणसं, बरीचशी मुलाबाळांना घेऊन आलेली. अंबरीशने आपली दोन गाणी वाजवली आणि खाली उतरून आईशेजारी बसला.

“संपलं का रे?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“माझं एवढंच आहे, आई.”

आशयने लॅपटॉपचं बटण दाबलं. ड्रम वाजू लागले, पण गाणं उचलायच्या वेळी त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे नुसतं स्टूल. पहिली ओळ हुकली. लोक हसले. त्याने पुन्हा सुरू केलं, पुन्हा हुकलं.

खाली बसल्या बसल्या अंबरीशचा पाय ठेका धरत होता. आशयचं तिकडे लक्ष गेलं. अंबरीशने मान हलवली, आणि ओळ बरोबर जागेवर आली. पुढची चारही गाणी त्याने तशीच, खुर्चीतून मान हलवत पार पाडून दिली.

नंतर दोघांनी मिळून ड्रम उतरवले. मोठा ड्रम आशयने एकट्याने उचलला.

“कोपर दाखव कुणाला तरी,” तो म्हणाला.

“बघू,” अंबरीश म्हणाला आणि आईसाठी रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेला.