लेकीसाठी वर्ग तपासताना

आमच्या घरात तीन शिक्षक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, नवरा हायस्कुलात, आणि भिंगारला राहणारी नवऱ्याची आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती निवृत्तीही कागदावरच, स्वभावात नाही. तिघांनी मिळून हजारो पोरं बाकावर बसवली असतील. आणि आमची नऊ वर्षांची एकुलती लेक काही बाकावर टिकेना.

जरा मनाविरुद्ध झालं की ती किंचाळायची, हाताला येईल ते भिरकावायची आणि टेबलाखाली जाऊन बसायची. एकदा बाहेर काढायला वाकलेल्या बाईंना चावलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, बुद्धी उत्तम आहे, भावना आवरत नाहीत, अशा मुलांचा वेगळा छोटा वर्ग बघा. शाळेनंही हात जोडले. "मॅडम, घरूनच थोडं लक्ष द्या." हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडावर फेकलेलं. माझ्यावर आलं तेव्हा मात्र मस्तकात तिडीक गेली.

चौकशी केल्यावर असे दोन वर्ग कळले. एक नगरात, दुसरा भिंगारला. शहाणे आईबाप गुपचूप जाऊन बघून आले असते. आम्ही आधी फोन करून तारीख आणि वेळ कळवली, आणि आत्याबाईंना बरोबर घेतलं. म्हणजे रीतसर तपासणीच झाली ती. निघण्याआधी आत्याबाईंनी गाडीत प्रार्थना केली. तीत परमेश्वरालाही मुद्देसूद सूचना होत्या.

नगरचा वर्ग बघून आत्याबाईंचा चेहरा उजळला. फळ्यावर तारीख, सुविचार, पटसंख्या, सगळं जागच्या जागी. त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, धूळ नाही. सहा मुलं एका सुरात "नमस्ते" म्हणून बसली ती बसलीच. हूं नाही की चूं नाही. माझी लेक माझा पदर धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "ती दोन बाकं रिकामी का?"

"ते दोघं जरा त्रास देतात गं," तिथल्या मॅडम हसून म्हणाल्या. "आज पाहुणे येणार, म्हणून त्यांना घरीच थांबायला सांगितलं."

आत्याबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. मीही हसले. आमच्या धंद्यातली रीतच आहे ती. साहेब येणार असले की आदल्या दिवशी एकदोघांच्या कानात मीही सांगते, "उद्या नाही आलात तरी चालेल." त्यात वाईट वाटण्यासारखं काही असतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"नव्वद मार्क," आत्याबाई गाडीत म्हणाल्या.

"दहा कुठं गेले?" नवऱ्यानं विचारलं.

"शंभर मी कुणालाच देत नाही."

म्हणजे निकाल लागला होता. भिंगारला आम्ही गेलो ते केवळ वेळ दिली होती म्हणून.

तिथं बाईंची खुर्ची रिकामी. एक मूल डबा बडवत होतं, एक भिंतीशी बोलत होतं, एक वर्गभर फेऱ्या मारत होतं. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "या, या. बसा हितं. आमचं जरा म्हत्त्वाचं बोलनं चाललंय."

मग बाईंचं डोकं बाहेर आलं. तिशीच्या असतील, बोलणं कर्जतकडचं, केसांत खडूची भुकटी. त्यांच्या कुशीत एक मुलगी मुसमुसत होती.

"फळ्यावर तारीख नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"लिव्हली हुती. एकानं पुसली. त्याला आजचा दिस नको हाय."

"हे काय उत्तर झालं? बत्तीस वर्षं शाळा चालवलीय मी!" आत्याबाईंचा आवाज चढला आणि त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं. जुन्या काळी त्या आवाजानं तालुका गप्प बसायचा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमाला राग आलाय. येऊ द्या. आमी थांबतो."

आणि सगळा वर्ग खरंच थांबला. डबा थांबला, फेऱ्या थांबल्या, सगळे आत्याबाईंकडे बघत बसले. राग काढायला समोर भांडणारं कुणीतरी लागतं. ते मिळेना तेव्हा आत्याबाई दुखऱ्या गुडघ्यांसकट हळूच जमिनीवर टेकल्या.

या गडबडीत लेक माझ्याजवळ नव्हती. ती टेबलाखाली पोचली होती. आता ही चावणार, म्हणून मी घाईनं खाली वाकले. पण ती बाईंना विचारत होती, "पाहुणे आले की आम्ही घरी थांबायचं?"

"कोन म्हनतं?"

"आमच्या बाई. साहेब येणार असले की सांगायच्या, उद्या तू नको येऊ. मग मी घरी सांगायचे, पोट दुखतंय."

गेल्या वर्षी तीनदा तिचं पोट दुखलं होतं. तिन्ही वेळा मी तिला ओवा चारून, गोधडीत गुंडाळून, घाईघाईनं माझ्या शाळेत गेले होते.

"आज पाहुनेच आल्यात की," बाई म्हणाल्या. "कोन घरी गेलंय का, मोज बरं."

लेकीनं टेबलाखालून पाय मोजले, स्वतःचेही धरले. "कुणीच नाही गेलं," ती म्हणाली, आणि बाईंना टेकून बसली. डॉक्टरांपुढे, शाळेपुढे, आमच्यापुढे जी वर्षभर गप्प होती, तिनं दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं होतं.

मी आत्याबाईंकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. नवऱ्यानं प्रवेशाचा अर्ज मागून घेतला आणि माझ्या हातात दिला.

मी तो जमिनीवर बसूनच भरला. माझ्या वर्गातल्या एका दांडगट पोरीला मी गेल्याच महिन्यात म्हटलं होतं, उद्या नको येऊस. तिनं घरी काय दुखतंय म्हणून सांगितलं असेल, आणि तिच्या आईनं तिला काय चारलं असेल?