लालासाबांचे बिनसवालाचे जवाब

नाव : शाहीर लालासाब मुल्लाणी. मुक्काम : कळंबा, जि. कोल्हापूर. कला : भेदिक शाहिरी. कालखंड : सन १९६१ ते १९८४, अखंड. प्रतिस्पर्धी : निरंक. प्रस्तुत संच म्हणजे सदर कलावंताच्या जाहीर कार्यक्रमांतील दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचे शास्त्रशुद्ध जतन होय.

कंपनीनं कॅसेटींच्या खोक्यावर छापलेला हा मजकूर इलाही स्पीकरवाल्यानं लालासाबांना वाचून दाखवला. जोतिबाच्या यात्रेपासून गावोगावच्या उरुसांपर्यंत, जिथं कर्णे बांधले तिथं इलाहीनं गाणीही टेप केली होती. फितींची सगळी ट्रंक त्यानंच मोठ्या विश्वासानं कंपनीच्या हवाली केली होती.

मग कॅसेट लावली. लालासाब गात होते. छानच गात होते. फक्त कशाचं उत्तर देताहेत, ते कळत नव्हतं. भेदिकात एक फड गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्यानं ते गाऊनच सोडवायचं. अडला तो हरला. लालासाबांचा फड तुऱ्याचा. समोर कलगीची चिमणाबाई, सगळी हयात. कंपनीनं तिचे सवाल सफाईनं कापून काढले होते.

चिमणाबाई शेजारीच बसून ऐकत होती. कॅसेटची दुसरी बाजू संपल्यावर म्हणाली, "लाला, कुनाला उत्तर द्यायलाईस रं? भितीला?"

"बाई, मी न्हाई कापलं."

"ठावं हाय. तुला कापाय येत आसतं तर यात्रंतच कापलं आसतंस. जमलं न्हाई कवा."

दुसऱ्या दिवशी लालासाब कंपनीच्या कचेरीत. साहेबानं खुर्ची दिली, चहा मागवला, 'शाहीरजी' म्हणाला.

"संच तुमच्या एकट्याच्या नावाचा आहे. मधेच दुसरा आवाज आला की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो."

"पावणं, कुस्ती दावायची आन् पैलवान एकच? त्यो काय वाऱ्याला चीत करतोय व्हय?"

"अहो, तुमचाच मान वाढवलाय आम्ही."

"मान न्हवं, चोरी हाय ही. ती इचारायची म्हून मी शिकलो. तिचं सवाल हुतं तिथं घाला, न्हाईतर खोक्यावरनं माझं नाव काढा की."

साहेबानं बंद कपाटाकडे पाहिलं, मग चहाकडे. कोऱ्या फिती हल्ली मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत, असं तो सावकाश समजावू लागला.

चिमणाबाईचे सवाल ज्या फितींवर होते, त्या पुसून त्यांवर वनस्पती तुपाच्या जाहिराती भरल्या होत्या.