देव्हाऱ्यातला रिपोर्ट

माझा दादा उदाराम दारूच्या वासानंही उठून जायचा. गावच्या भजनात खंजिरी त्याची. खायचा मात्र दणकून. चहात चार चमचे साखर, पंगतीत बुंदी दोनदा. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान चांगलं पिकू लागलं, कामाला ट्रॅक्टर आणि माणसं आली, तसं दादाचं पोट पुढे आलं. गाव म्हणायचं, "खात्यापित्या घरचा माणूस." त्यालाही ते बरं वाटायचं.

दोन वर्षांमागे पोट दुखलं म्हणून त्यानं गोंदियात सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आणि लिव्हरवर चरबी. वजन उतरवा, महिन्यानं या, खड्यांचं ऑपरेशन बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा परत गेलाच नाही.

मला कळलं ते शिवरात्रीला. माहेरी देव्हारा पुसताना महादेवाच्या फोटोमागे त्या रिपोर्टाचा लिफाफा सापडला.

"हे काऊन लपवलं, दादा?"

"हळू बोल ना, बाई. लिव्हर म्हणजे दारू, गावाले दुसरं काय समजते? भूमिकाची सोयरीक जुडून राहिली. बाप पिते म्हणतीन, अन् पोरगी घरीच राहीन."

"वहिनीले तरी सांग."

"तिच्या पोटात गोष्ट राहते का? नागऱ्याच्या महादेवाची शपथ घे."

मी घेतली. दादाचा लिफाफा दादानं पुन्हा फोटोमागे सरकवला.

भूमिकाचं लग्न थाटात झालं. मांडव निघाला त्याच्या तिसऱ्या दिवशी दादा पोट धरून कोसळला. वांत्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पहले लिव्हर का कुछ निकला था? शराब लेते थे?"

निर्मलावहिनी कडाडली, "माळकरी माणूस हाय, जी! असं कसं विचारता?"

मी खाली मान घालून उभी होते. शपथ आठवत होते.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनीच सांगितलं. खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली होती. लिव्हरवर आधीपासून चरबी असली की ही सूज बरेचदा जास्त जोर धरते. दारू न पिणाऱ्यालाही चरबी धरते. नागपूरला नेलं. मूत्रपिंडं गेली, मग श्वास. नवव्या दिवशी दादा गेला.

तेरवीच्या पंगतीत शेजारचा छोटेलाल कुजबुजला, "लिव्हर खराब होतं म्हणे. पित असंल लपून."

मी उठले. देव्हाऱ्यातला लिफाफा आणून त्याच्या हातात दिला. "वाच. दारू कुठं लिहिली हाय, दाखव."

त्यानं कागद उलटापालटा केला. "लिव्हर तं लिहूनच हाय ना, बाई."

सदऱ्याच्या गुंड्या ताणून त्याचंही पोट बाहेर आलं होतं. मी म्हटलं, "तूही एकदा दाखवून ये."

"मले काय झालं? मी कुठं पितो?" तो म्हणाला, आणि बुंदीवाल्याला त्यानं हाक मारली.