माझी हळद, मावशीची हळद

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करते. काम थोडक्यात असं: हळदीतला पिवळा घटक घ्यायचा, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत भरायचा आणि ते कण कॅन्सरच्या गाठीपर्यंत नीट पोचतात का ते बघायचं. अजून सगळं काचेच्या बश्यांतल्या पेशींवरच चाललंय. माणसापर्यंत कधी येईल, येईल तरी का, मला माहीत नाही. पक्कं माहीत आहे ते एवढंच की माझी नखं कायम पिवळी असतात.

हे मी एकदा आईला सांगितलं आणि आईने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: 'आपल्या लेकीने हळदीतून कॅन्सरचं औषध शोधलं!' तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कोणी गुडघ्यासाठी विचारतं, कोणी केस गळतात म्हणून. एका लग्नात तर एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हळद सांगलीची घेऊ की सेलमची?

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण डोंबिवलीच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये किमो सुरू झाली, आणि पुढच्या किमोच्या आदल्या दिवशी मावशीच्या यजमानांचा, आमच्या काकांचा, फोन आला.

"ती उद्या येणार नाही म्हणते. भाचीची हळद घेते म्हणते. सकाळ-संध्याकाळ पातेलं उकळतंय. तूच ये बाई आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॅबमधून निघाले ती थेट डोंबिवलीला. घरभर उग्र वास. मावशीच्या शहाडच्या नणंदेने परसातली ओली हळद पिशवी भरून पाठवलेली, आणि मावशी ओट्याशी उभी राहून ती किसत होती.

"मावशी, अगं काय चालवलंयस हे?"

"तुझंच तर औषध आहे."

"माझं नाही! हळदीतलं ते औषध पाण्यात विरघळत नाही. पोटातून रक्तात जेमतेम जातं, आणि गेलं तरी शरीर लगेच बाहेर टाकतं. म्हणून तर आम्ही डोकेफोड करतोय! नुसता काढा पिऊन भागलं असतं तर मला पगार कशाला दिला असता?"

"ओरडू नकोस. निदान झाडपाल्याचं तरी आहे. ते सलाईन म्हणजे नुसतं केमिकल."

मी डोक्याला हात लावला. कारण तिला चालू असलेलं औषध मूळचं झाडाचंच होतं, थंड डोंगराळ भागातल्या एका झाडाच्या सालीत सापडलेलं. तेही पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचेही आता असेच बारीक कण करून देतात. हे सगळं मी तिला एका दमात सुनावलं. ती किसणी हातात धरून ऐकत राहिली.

"सालीचं?" ती म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचंस?"

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने आली. मुकाट्याने म्हणजे रिक्षात बसेपर्यंत. क्लिनिकमध्ये शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना तिने लगेच सांगायला घेतलं, "हे सालीचं असतं बरं का. माझ्या या भाचीने बनवलंय."

"मी नाही बनवलेलं," मी दात-ओठ खात म्हटलं.

"फार साधी आहे ती," मावशी त्या बाईंना म्हणाली.

नर्सने सुई लावायला घेतली तशी मावशी बोलता बोलता थांबली. तिने माझा हात धरला.

"हळदीने काही होत नाही, एवढं कळतं गं मला," ती हळूच म्हणाली. "पण हळद पिताना भीती वाटत नाही."

मला एकदम रडू आलं, आणि रडायची ती जागा नव्हती.

शेजारच्या बाई आमच्याकडेच बघत होत्या. त्यांच्याही हाताला सुई होती. "खरंच तुम्ही बनवलंत हे?" त्यांनी विचारलं.

मावशीने माझा हात आणखी घट्ट धरला.

"हो," मी म्हटलं. "मीच बनवलंय."