चवथीआधी आलेला गणपती

आमच्या घरी त्या वर्षी गणपती दोनदा आला. पहिल्यांदा आला तो श्रावणात, पुराच्या पाण्यातून, अंगावर कारखान्याचा रेनकोट घालून. त्याला रंग नव्हता, डोळे नव्हते, आणि खरं सांगायचं तर कुणी बोलावलेलंही नव्हतं.

आमची वाडी डिचोलीच्या खालच्या अंगाला, व्हाळ, म्हणजे ओढा, नदीला मिळतो तिथे. वरून पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की नदी आमचं पाणी घेत नाही, परत पाठवते. मग ते अंगणात येतं, पायरीवर थोडा वेळ बसतं आणि जातं. त्यामुळे पूर आला असं आम्ही म्हणत नाही. मावशी आली म्हणावं तसं, पाणी आलं म्हणतो. त्या वर्षी मात्र ते पायरीवर थांबलं नाही. शिरगावच्या खाणींकडची लाल माती घेऊन आलं आणि न विचारता स्वयंपाकघरात शिरलं.

वाडीच्या सगळ्यात सखल जागी काकांची चित्रशाळा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. अख्ख्या वाडीचे गणपती तेच घडवतात. आषाढात प्रत्येक घरातून आपापला पाट त्यांच्या शाळेत जातो, मूर्ती त्या पाटावरच उभी राहते आणि चवथीला त्याच पाटावरून घरी येते. आमचा पाट फणसाचा, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला. उंदीर गणपतीच्याच घरचा, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

काकांचा राग कायम नाकावर. शाळेत कुणी 'माती' हा शब्द काढलेला त्यांना चालत नसे. एका गृहस्थांनी कौतुकाने का होईना, 'यंदा माती छान मिळाली' असं म्हटलं, तर काकांनी त्यांना पाटासकट घरी पाठवलं होतं. मूर्तीला अजून सोंड फुटलेली नसली, पोटाचा नुसता गोळा असला, तरी काकांच्या लेखी तो गणपतीच. आम्ही हसायचो, पण त्यांच्या पाठीमागे.

तर त्या सकाळी पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही जो तो आपापलं वाचवण्यात दंग होतो. मी फ्रिजखाली विटा घालत होतो. आईने मिक्सर माळ्यावर चढवला, कोंबडी टोपलीखाली घालून टोपली ओट्यावर ठेवली, आणि मला फ्रिज नीट धर म्हणून ओरडत होती. एवढ्यात काका कमरेएवढ्या पाण्यातून आले. आले आणि दारात नुसते उभे राहिले. एरवी बोलून भंडावून सोडणारा हा माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते बघूनच आम्हाला काय ते कळलं.

शाळेत उंच मांडणीवर वाडीचे सगळे गणपती होते आणि पाणी मांडणीकडे चढत होतं. घडवून झालेले, अर्धवट सुकलेले, रंग न लागलेले. भट्टीत न भाजलेल्या मूर्तीला पाणी लागलं की संपलं. पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि चिकणमाती जिथून आणायची तो मळाच पाण्याखाली होता. यातला एकेक गणपती वाचला नाही तर त्या घरी यंदा चवथ नाही, असा सरळ हिशेब होता. आणि काकांचं सगळं वर्ष त्याच शेडमध्ये उभं होतं.

मी फ्रिज सोडला. खरं म्हणजे फ्रिजनेच मला सोडलं, तो विटांवरून घसरून आडवा झाला. पण मागे वळून बघायला कुणाला सवड होती? अख्खी वाडी शाळेकडे धावली. ज्यांच्या घरात गॅसचा सिलिंडर तरंगत होता, तेही धावले.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा कोल्हापूरकडचा एक भाडेकरू राहायचा. इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला, आडदांड, तालमीतलं अंग. काकांनी आमचा गणपती त्याच्या खांद्यावर दिला, कारण आमचाच सगळ्यांत मोठा होता. भाडेकरूने आपला रेनकोट काढून गणपतीला घातला आणि स्वतः बनियनवर निघाला. मागोमाग सगळे. कुणी छत्री धरलेली, कुणी टेबलावरचं प्लास्टिक पांघरलेलं. गणपती कोरडे आणि माणसं चिंब.

इथवर सगळं ठीक होतं. पण खांद्यावर गणपती आला की कोल्हापूरच्या माणसाला गप्प बसवत नाही. पाण्याच्या मधोमध येऊन त्याने खच्चून आरोळी दिली, "गणपती बाप्पा..." आणि आम्ही सगळ्यांनी, छातीएवढ्या पाण्यात, सवयीने म्हटलं, "मोरया."

दुसरी चूक आईची. भाडेकरू आमच्या दारात पोचला, तर आई तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी. चवथीला गणपती आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालून, ओवाळून मग त्याला आत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. आरोळी ऐकली आणि तिचे हात आपोआप कामाला लागले. उंबऱ्यावरून पाणी वाहत होतं. त्या वाहत्या पाण्यात तिने भाडेकरूचे पाय शोधले आणि त्यावर तांब्यातलं स्वच्छ पाणी घातलं.

"काकू, ऱ्हाऊ द्या की," तो कळवळून म्हणाला. "पाण्यातनंच आलोय मी."

आईने ऐकलं नाही. तिने ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, आधी गणपतीच्या आणि मग त्याच्या, आणि मूर्ती चुलीवरच्या माळ्यावर चढली. पाणी उतरून चूल पेटली की धुराच्या उबेला बरी सुकेल, असा माझा साधा विचार. आईचा विचार वेगळा होता. थोड्या वेळाने बघतो तर माळ्यावर मिक्सरच्या शेजारी समई पेटलेली.

घरोघरी हेच झालं होतं. आला आहे म्हटल्यावर त्याला उपाशी कसं ठेवणार? एकीने फुलं वाहिली, दुसरीने जानवं घातलं. शेजारच्या आजोबांनी गणपतीला गारठा लागेल म्हणून आपला लोकरी गळपट्टा गुंडाळला आणि स्वतः शिंकत बसले. परसातली हळद पाण्याखाली होती. तिची पानं हाताने चाचपून खुडली आणि टेबलावर ठेवलेल्या शेगडीवर त्यांत गूळखोबऱ्याच्या पातोळ्या उकडल्या. वीज नव्हती, नळ नव्हता, पण पातोळ्या होत्या.

संध्याकाळी पंचायतीची होडी मदत घेऊन आली. मेणबत्त्या, बिस्किटं आणि पाव. होडीतल्या लोकांना वाटलं असेल, माणसं घाबरून छपरावर बसली असतील. प्रत्यक्षात आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून आरती म्हणत होतो आणि भाडेकरू स्टीलच्या ताटावर चमच्याने ताल धरत होता. होडीवाल्यांनी बिचाऱ्यांनी जागेवरून हात जोडले. ते पाव देऊन गेले आणि पातोळ्या घेऊन गेले. मला वाटतं, सौदा त्यांच्या फायद्याचा झाला.

मला ते दिवस अजून आवडतात, हे सांगायला मला लाज वाटत नाही. घराची वाट लागली होती, गाद्या भिजून दगड झाल्या होत्या, आणि तरी मी इतका हसलो नव्हतो कित्येक वर्षांत.

मग पाणी उतरू लागलं आणि हसणं थांबलं. कारण आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. दीड दिवस होऊन गेला होता. आता त्याला पोचवायला हवं, असं आईने ठरवलं, आणि आईने ठरवलं म्हणजे वाडीतल्या निम्म्या बायकांचं ठरलं. पाणीही सोयीचं होतं, अगदी पायरीला लागलेलं. बाहेर जायलाच नको.

काकांच्या कानावर हे गेलं आणि ते धावत आले. चिखलाने माखलेले, न झोपलेले. एवढ्या पाण्यातून वाचवलेले गणपती लोक हौसेने पाण्यात सोडणार होते. आईचं बघून बाकीच्यांनी सोडले असते, तर चवथीला वाडीत एकही गणपती उरला नसता. काकांनी आधी विनवलं, मग आवाज चढवला. हे विसर्जन नव्हे, हा खून आहे, असंही काहीतरी बोलून गेले.

आई शांत होती. गणपती मोरयाच्या गजरात आला, त्याचे पाय धुतले, तो आमच्याकडे जेवला, आता आणखी काय राहिलं, असं तिचं म्हणणं. "आयलेल्या देवाक परत शाळेत धाडूंक जायना, भावजी," ती म्हणाली.

भाडेकरू कोपऱ्यात उभा होता, तोंड एवढंसं करून. आपण ती आरोळी मागे घेतो, असं त्याने सांगून पाहिलं. तशी सोय नसल्याचं आईने त्याला समजावलं.

काकांचा जीव किती वर-खाली होत होता ते मला दिसत होतं. अहो वैनी, ती नुसती माती आहे अजून, एवढं एकच वाक्य म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आईही त्यांच्या तोंडाकडे बघत होती, कारण तिलाही ठाऊक होतं तिथे काय अडकलंय ते. जन्मभर दुसऱ्याला म्हणू दिला नाही तो शब्द काकांच्या तोंडून निघेना. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

शेवटी ते शिडीवरून माळ्यापाशी चढले. गणपतीच्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग खाली न बघताच म्हणाले, "तेका अजून दिसना, वैनी. तो कोणागेर आयला तां तेका खंय खबर?"

डोळेच नाहीत, तर कुणाच्या घरी आलो ते त्याला कसं कळणार, हा काकांचा मुद्दा. काका उतरले आणि आई स्वतः शिडी चढली. समई उचलून तिने मूर्तीच्या तोंडाशी धरली. डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत, कोऱ्या जागा. डोळे काका अगदी शेवटी, रंग झाल्यावर लिहितात. एवढे दिवस ती त्याला जेवू घालत होती, पण तिने तिथे नीट बघितलं नव्हतं. तिचा चेहरा पडला. आपण कुणा न बघणाऱ्याला ओवाळत होतो, याचं तिला वाईट वाटलं असावं.

पण आई ती आईच. "दिसना, पण आयकता मरे?" ती म्हणाली. "कान तर सुपाएवढे केल्यात तुमी."

काकांनी एकदा वर, मूर्तीच्या कानांकडे बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आयकता. म्हणान सांगतां, हळू उलया."

आणि आईने खरोखरच आवाज खाली आणला. कुजबुजत मला म्हणाली, मूर्ती उतरव. शेजारच्या घरात निरोपही कुजबुजतच गेला. त्या दुपारी सगळी वाडी चिखल तुडवत, गणपती खांद्यावर घेऊन, काकांच्या धुऊन काढलेल्या शाळेकडे निघाली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. कुणाच्या घरून निघालो, कुठे चाललो, त्याला कळता कामा नये. भाडेकरूने तर एका हाताने पाट धरला होता आणि दुसऱ्याने स्वतःचं तोंड. शेजारच्या आजोबांना शिंक आली, ती त्यांनी गळपट्ट्यात दाबली. देवाला असं चोरून नेलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी पुढचे दिवस चरफडत काढले. कुणाच्या कपाळातलं कुंकू अंगात मुरलं होतं, ते खरवडायचं. कुणाच्या पोटावर पाकळ्या रुतल्या होत्या. आमच्या गणपतीला मोहरीच्या फोडणीचा वास लागला होता आणि तो रंग दिल्यावरही गेला नाही, अशी त्यांची तक्रार. पण चवथीला वाडीतला एकही पाट रिकामा राहिला नाही.

चवथीच्या दिवशी आमचा गणपती त्याच भाडेकरूच्या खांद्यावरून आला. त्या वर्षी गावी न जाता तो मुद्दाम थांबला होता. आरोळी त्याने अशी ठोकली की ती साठवून ठेवली होती हे कळत होतं. एरवी चवथीला कुणाच्या दारात न जाणारे काका त्या दिवशी मागोमाग आले आणि अंगणात उभे राहिले.

आईने पाय धुतले. ओवाळलं. मग निरांजन थोडं वर धरून तिने आधी ते नवे डोळे बघून घेतले. आणि अगदी पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी म्हणाली, "ये. पयल्यांदाच आयलास मरे? घर बघून घे."

आमच्याकडे गौरीला घर दाखवतात. गणपतीला दाखवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण आईने भाडेकरूला मूर्तीसकट खोलीखोलीतून फिरवलं. पुराची लाल रेघ भिंतीवर होती, तीही दाखवली. आडवा झालेला फ्रिज आता उभा होता, त्यात साड्या ठेवल्या होत्या, तोही दाखवला. स्वयंपाकघरात आल्यावर भाडेकरू सवयीने माळ्याखाली थांबला आणि त्याने मान वर केली.

आईने त्याच्या कोपराला धरून त्याला घाईघाईने पुढे काढलं.

"वयर कांय ना," ती गणपतीला म्हणाली.

अंगणातून आत येऊन काका दारातून हे बघत होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.